हर्पिस विषाणूच्या डीएनएची नक्कल : सात जनुके, सात प्रथिने आणि त्यांवर बेतलेली औषधे

प्रस्तावना

अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठतात, आग होते, रात्रभर झोप लागत नाही. आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'नागीण झाली.' मग कोणी गेरूचा लेप सुचवतो, कोणी नागीण उतरवणाऱ्याकडे नेतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, ही समजूतही अनेक ठिकाणी ऐकू येते. या धांदलीत पहिले दोन-तीन दिवस निघून जातात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. नागिणीवरील विषाणुरोधक गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असतील तर हा उशीर दृष्टीवर बेतू शकतो.

इतकी घाई कशासाठी? आणि त्या गोळ्या विषाणूला रोखतात, पण माणसाच्या पेशींना फारसा अपाय करीत नाहीत, ते कसे? हर्पिस विषाणू आपल्या डीएनएची नक्कल कशी करतो हे समजले की या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे. जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना या लेखातील बरीच माहिती परिचित असेल. परंतु मराठी किंवा उर्दू माध्यमातून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी या विषयाशी पोचतो तेव्हा इंग्रजी संज्ञांच्या गर्दीत मूळ कल्पनाच हरवते, असा अनुभव आहे. ती कल्पना आपल्या भाषेत सरळ मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दाविषयी थोडेसे

'हर्पिस' हा शब्द ग्रीक असून त्याचा संबंध 'सरपटणे' या अर्थाच्या धातूशी आहे. संस्कृतातील 'सृप्' हा धातू त्याचाच भाऊबंद होय. मूळचा आरंभीचा 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो. आपल्या 'सप्त'ला फारसीत 'हफ्त' म्हणतात, तोच प्रकार. म्हणजे 'हर्पिस' आणि 'सर्प' एकाच कुळातले शब्द ठरतात. आयुर्वेदातील 'विसर्प' ही संज्ञाही याच धातूपासून आली आहे. युनानी वैद्यकात अशा पसरत जाणाऱ्या फोडांना 'नम्ला' म्हणजे मुंगी असे नाव आहे. त्वचेवर काहीतरी सरपटत चालले आहे, ही एकच प्रतिमा इतक्या भाषांनी पकडली आणि मराठीने तिला 'नागीण' म्हटले.

विषाणूचे कुटुंब

हर्पिस हे एका विषाणूचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. माणसाला बाधणारे त्यातील नऊ विषाणू आज ज्ञात आहेत. ओठावर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स-१, प्रामुख्याने जननेंद्रियांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स-२, कांजिण्या आणि पुढे नागीण आणणारा व्हॅरिसेला-झोस्टर, एपस्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो हे त्यांपैकी विशेष परिचित. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हर्पिस सिम्प्लेक्स-१ आहे. त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या लेखात मुख्यतः हर्पिस सिम्प्लेक्स-१ चाच विचार केला आहे, कारण नक्कल करणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास याच विषाणूत सर्वाधिक झाला. त्याचा डीएनए दुपदरी असून त्यात सुमारे १ लाख ५२ हजार अक्षरजोड्या आहेत. त्यांचा संपूर्ण क्रम ग्लासगो येथील मॅकगिओक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ८० जनुके आहेत. जनुकांच्या नावांमागे 'यूएल' किंवा 'यूएस' ही अक्षरे येतात. जनुक डीएनएच्या लांब भागात असेल तर यूएल, आखूड भागात असेल तर यूएस. पुढचा आकडा हा त्या भागातील अनुक्रमांक. म्हणजे 'यूएल ३०' हे नाव नसून पत्ता आहे, असे विद्यार्थ्यांना सांगितले की निम्मी भीती कमी होते.

नक्कल म्हणजे काय?

डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली दुपदरी साखळी. नक्कल करताना दोन पदर वेगळे करायचे आणि प्रत्येक पदरासमोर त्याचा जोडीदार पदर नव्याने लिहायचा. छापखाना येण्यापूर्वी कातिब समोर मूळ ग्रंथ ठेवून प्रत उतरवीत असे. पेशीतील या कातिबाला पॉलिमरेज म्हणतात.

मात्र या कातिबाच्या काही अडचणी आहेत. तो बंद ग्रंथ उघडू शकत नाही. तो कोऱ्या जागेवर पहिले अक्षर लिहू शकत नाही. आधी कोणीतरी चार-दोन अक्षरे लिहून द्यावी लागतात, मग तो पुढे जोडत जातो. आणि तो एकाच दिशेने लिहितो. डीएनएचे दोन पदर मात्र परस्परविरुद्ध दिशांनी जातात. एक मराठीसारखा डावीकडून उजवीकडे वाचावा लागतो, तर दुसरा उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे. त्यामुळे ग्रंथ उलगडत जाईल तसतसा एक पदर सलग लिहिला जातो, आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी लिहून मग ते तुकडे जोडावे लागतात. या प्रत्येक अडचणीसाठी एक वेगळे प्रथिन लागते.

आपल्या पेशीत ही सर्व यंत्रणा असते. अनेक छोटे विषाणू तीच वापरून आपले काम भागवतात. हर्पिस विषाणू मात्र नक्कल करणारी मुख्य माणसे स्वतःची घेऊन येतो. या लेखातील मध्यवर्ती मुद्दा हाच आहे, आणि औषधाला वाव मिळाला तोही यामुळेच.

सात जनुकांचा शोध

ऐंशी जनुकांपैकी नक्कल करण्यासाठी नेमकी कोणती लागतात, हे कसे ओळखायचे? अमेरिकेतील मार्क चॅलबर्ग यांनी १९८६ मध्ये त्यासाठी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. विषाणूचा डीएनए जेथून नक्कल सुरू करतो त्या जागेला प्रारंभस्थळ म्हणतात. हर्पिस सिम्प्लेक्स-१ मध्ये अशी तीन स्थळे आहेत. चॅलबर्ग यांनी हे प्रारंभस्थळ जिवाणूतील एका छोट्या गोल डीएनएमध्ये बसवले. तो गोल डीएनए आणि विषाणूच्या डीएनएचे वेगवेगळे तुकडे त्यांनी एकत्रच पेशींत सोडले. आवश्यक जनुके हजर असतील तरच त्या गोल डीएनएची नक्कल होणार.

पण नक्कल झाली हे कळावे कसे? जिवाणूत तयार झालेल्या डीएनएवर एक रासायनिक खूण असते आणि ती खूण असलेला डीएनए कापणारे एक विकर उपलब्ध आहे. सस्तन प्राण्याच्या पेशीत नवी प्रत निघाली की तिच्यावर ती खूण नसते, म्हणून विकर तिला कापू शकत नाही. न कापलेला डीएनए शिल्लक राहिला, म्हणजे नक्कल झाली. मग एकेक तुकडा वगळून पाहायचे. ज्याच्या वाचून काम अडले तो आवश्यक. १९८८ मध्ये चॅलबर्ग, मॅकगिओक आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने निष्कर्ष मांडला : सात जनुके आवश्यक आहेत. ती म्हणजे यूएल ५, यूएल ८, यूएल ९, यूएल २९, यूएल ३०, यूएल ४२ आणि यूएल ५२.

सात प्रथिनांची कामे

१. यूएल ९ : हे प्रथिन प्रारंभस्थळ ओळखते. तेथील ठरावीक अक्षरक्रमाला दोन-दोन रेणूंच्या जोडीने ते चिकटते आणि दुपदरी डीएनए सैल करू लागते. पुस्तक कोणत्या पानावर उघडायचे हे ठरवण्याचे काम याचे.

२. यूएल २९ : याच्या प्रथिनाला आयसीपी ८ असेही म्हणतात. सुटे झालेले पदर पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत, त्यांना गाठी पडू नयेत म्हणून हे प्रथिन सुट्या पदरावर ओळीने बसते. शिवाय केंद्रकात विषाणूच्या नकलेसाठी जे स्वतंत्र कप्पे तयार होतात, त्यांच्या उभारणीतही त्याचा वाटा असतो.

३, ४ व ५. यूएल ५, यूएल ५२ आणि यूएल ८ : ही तीन प्रथिने एकत्र राहून काम करतात. यूएल ५ मध्ये डीएनएचे पदर उलगडणाऱ्या हेलिकेजची ताकद आहे. यूएल ५२ मध्ये प्रायमेजची, म्हणजे कातिबाला सुरुवातीची अक्षरे लिहून देण्याची ताकद आहे. ही सुरुवातीची अक्षरे आरएनएची असतात. मात्र ही दोन्ही प्रथिने परस्परांशिवाय नीट चालत नाहीत. यूएल ८ स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया करीत नाही. तरीही ते नसेल तर नक्कल होत नाही. या त्रयीला केंद्रकात नेणे आणि इतर प्रथिनांशी तिचा मेळ घालणे हे त्याचे काम आहे.

६. यूएल ३० : हाच मुख्य कातिब, म्हणजे डीएनए पॉलिमरेज. हे १२३५ अमिनो आम्लांचे मोठे प्रथिन आहे. ते केवळ लिहीत नाही, तर चुकीचे अक्षर पडले असता मागे वळून ते खोडते.

७. यूएल ४२ : एकटे यूएल ३० थोडे लिहून डीएनएवरून सुटून जाते. यूएल ४२ त्याला डीएनएवर धरून ठेवते, त्यामुळे हजारो अक्षरे सलग लिहिली जातात. आपल्या पेशीत हे काम डीएनएभोवती कडे घालणारे एक प्रथिन करते. यूएल ४२ कडे घालीत नाही. ते डीएनएला थेट चिकटूनच पुढे सरकते. काम एक, पण घडण वेगळी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या सात प्रथिनांनी सर्व काम भागते असे नाही. डीएनएचा पीळ सोडवणारे आणि तुकडे जोडणारे विकर विषाणूपाशी स्वतःचे नाही; ते तो आपल्या पेशीकडूनच घेतो. नक्कल होऊन निघणारा डीएनएही एकेक सुटी प्रत म्हणून निघत नाही. अनेक प्रती एकापुढे एक जोडलेल्या, लांब ताग्यासारख्या निघतात. यूएल १५, यूएल २८ आणि यूएल ३३ या जनुकांची प्रथिने त्या ताग्यातून एकेक प्रत कापून विषाणूच्या कवचात भरतात.

साहाय्यक जनुके आणि 'आवश्यक' या शब्दाचा अर्थ

सातांशिवाय आणखी काही जनुके या कामाला हातभार लावतात. यूएल २३ पासून थायमिडीन कायनेज हे विकर बनते. यूएल ३९ आणि यूएल ४० मिळून रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज बनवतात. डीएनए लिहिण्यासाठी लागणारी अक्षरे तयार ठेवणे हे या विकरांचे काम आहे. प्रयोगशाळेतील पेशींत ही जनुके नसली तरी विषाणू वाढतो, म्हणून ती 'अनावश्यक' गटात मोडतात.

पण येथे विद्यार्थ्यांना थोडे थांबवावे. प्रयोगशाळेतील पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे त्यांच्यात डीएनएची अक्षरे मुबलक असतात. विषाणू मात्र आपले आयुष्य मुख्यतः चेतापेशीत काढतो. चेतापेशी विभागत नाही, म्हणून तिच्यात या अक्षरांचा तुटवडा असतो. तेथे यूएल २३ नसलेला विषाणू लंगडा पडतो. उंदरांवरील प्रयोगांत असा विषाणू चेतापेशींतून पुन्हा जागा होण्यास असमर्थ ठरल्याचे दिसले आहे. एखादे जनुक आवश्यक की अनावश्यक, हे ते कोठे काम करीत आहे यावर ठरते.

औषध नेमके कोठे लागते?

असायक्लोव्हिर या औषधाची माहिती प्रथम १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात एलियन यांचा वाटा होता. त्यापूर्वी डोळ्यातील हर्पिससाठी इडॉक्सयुरिडीनचे थेंब वापरले जात. परंतु ते औषध आपल्या पेशींनाही घातक असल्याने पोटात देण्याजोगे नव्हते.

असायक्लोव्हिर हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानोसीनसारखे दिसणारे बनावट अक्षर आहे. पण ते जसेच्या तसे निरुपयोगी असते. त्याला तीन फॉस्फेट जोडले जावे लागतात. त्यांपैकी पहिले फॉस्फेट विषाणूचे थायमिडीन कायनेज, म्हणजे यूएल २३ चे प्रथिन जोडते. आपल्या पेशीतील तत्सम विकर हे काम जवळजवळ करीतच नाही. उरलेली दोन फॉस्फेट मात्र आपल्या पेशीचीच विकरे जोडतात. म्हणून जेथे विषाणू जागा आहे तेथेच औषध तयार होते; निरोगी पेशीत ते बहुतांशी निष्क्रिय राहते.

तयार झालेले हे बनावट अक्षर मग यूएल ३० हा कातिब उचलतो आणि ओळीत बसवतो. पुढचे अक्षर जोडण्यासाठी मागच्या अक्षरावर एक ठरावीक हायड्रॉक्सिल गट लागतो. या बनावट अक्षरावर तो नसतो. उर्दू लिपी जाणणाऱ्यांना अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे आठवतील. ती मागच्या अक्षराला जोडली जातात, पुढच्याला हात देत नाहीत. फरक इतकाच की उर्दूत शब्द पुढे चालू राहतो. येथे लिखाणच थांबते. विषाणूचे एक विकर औषध घडवते आणि दुसरे विकर त्याच औषधात अडकते, अशी ही दुहेरी पकड आहे.

हे औषध वेळेवर मिळणे किती मोलाचे आहे, याचे एक उदाहरण पुरे. हर्पिस सिम्प्लेक्सचा मेंदूज्वर झाला आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. शिरेतून असायक्लोव्हिर लवकर सुरू केल्याने हे प्रमाण बरेच खाली येते.

औषधाच्या मर्यादा

पहिली मर्यादा सुप्तावस्थेची. तोंडावरचे फोड बरे झाले तरी विषाणू चेहऱ्याच्या चेतागुच्छात शांत पडून राहतो. तेथे त्याचा डीएनए गोल होऊन बसलेला असतो आणि ही सातही जनुके मूक असतात. कातिबच कामावर नाही, तर बनावट अक्षर उचलणार कोण? म्हणून असायक्लोव्हिरने फोड आवरतात, पण विषाणू शरीरातून हद्दपार होत नाही.

दुसरी मर्यादा प्रतिरोधाची. औषध निष्प्रभ करणारे बदल सुमारे ९५ टक्के वेळा यूएल २३ मध्ये आणि उरलेले यूएल ३० मध्ये आढळतात. प्रतिकारशक्ती निकोप असलेल्यांत असा प्रतिरोध एक टक्क्याहूनही कमी दिसतो. अवयवरोपण झालेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या रुग्णांत तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. अशा वेळी फॉस्कार्नेट वापरतात. ते थेट पॉलिमरेजला अडवते, त्याला यूएल २३ ची गरज नसते. मात्र त्यापासून मूत्रपिंडांना धोका असतो. अलीकडे संशोधकांनी यूएल ५ आणि यूएल ५२ यांच्या जोडीकडे मोहरा वळवला. या जोडीला रोखणाऱ्या अमेनामेव्हिर या औषधाला नागिणीसाठी जपानमध्ये २०१७ मध्ये मान्यता मिळाली. सात जनुकांची ती यादी आजही नवी औषधे शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडत आहे, ती अशी.

तिसरी गोष्ट कुटुंबातील भेदांची. यूएल ९ वगळता उरलेल्या सहा प्रथिनांची कामे करणारी प्रथिने कुटुंबातील सर्व मानवी विषाणूंत आहेत. नागिणीच्या विषाणूत सातही आहेत आणि स्वतःचे थायमिडीन कायनेजही आहे, म्हणून त्यावर असायक्लोव्हिर चालते. पण मात्रा बरीच अधिक लागते. सायटोमेगॅलो विषाणूत थायमिडीन कायनेजच नाही. त्याच्या यूएल ९७ या वेगळ्या विकराकडून गॅन्सिक्लोव्हिर या औषधाला पहिले फॉस्फेट मिळते. एपस्टाइन-बार विषाणू सुप्त असताना ईबीएनए-१ हे आपले एकच प्रथिन पुढे करतो आणि नकलेचे बाकी काम आपल्या पेशीच्या यंत्रणेकडून करवून घेतो. तेथे या औषधांचा इलाज चालत नाही.

पुन्हा नागिणीकडे

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर विषाणू पाठीच्या कण्याजवळील आणि चेहऱ्याच्या चेतागुच्छांत दडून राहतो. वाढते वय किंवा क्षीण प्रतिकारशक्ती यांचा फायदा घेऊन तो बहुधा एकाच गुच्छातून जागा होतो, आणि त्या एका चेतातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. चेतातंतू शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच पोचतो. म्हणूनच नागीण एका बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि तिचे 'तोंड व शेपूट' सहसा एकत्र येत नाही. उतारा केल्याने ती थांबली असे वाटते. प्रत्यक्षात तिची वाट तेथेच संपलेली असते.

७२ तासांचे कारणही आता उघड आहे. औषध नवी नक्कल थांबवते. निघालेल्या प्रती ते नाहीशा करू शकत नाही, आणि इजा झालेला चेतातंतू दुरुस्तही करू शकत नाही. जितक्या प्रती कमी निघतील तितकी इजा कमी. त्यानंतरही नवे फोड येत असतील, किंवा डोळ्याजवळ नागीण असेल, तर उशीर झाला म्हणून घरी बसू नये. औषध द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. मात्राही त्यांनीच ठरवावी, कारण मूत्रपिंड अशक्त असल्यास ती कमी करावी लागते. पन्नाशीनंतर घेण्याची नागिणीची लस २०२३ पासून भारतातही मिळू लागली आहे.

समारोप

वर्गात हा विषय शिकवताना सातही नावे एकदम पाठ करून घेऊ नयेत, असे सुचवावेसे वाटते. त्याऐवजी एकेक प्रथिन काढून घ्यावे आणि विचारावे : आता काम कोठे अडेल? यूएल ९ नसेल तर सुरुवातच होणार नाही. यूएल ४२ नसेल तर कातिब मध्येच सुटेल. यूएल २३ नसेल तर प्रयोगशाळेत काही अडणार नाही, चेतापेशीत अडेल. आणि असायक्लोव्हिर मात्र निष्फळ होईल. या शेवटच्या उत्तराशी जो विद्यार्थी स्वतः पोचेल, त्याला जनुक, प्रथिन आणि औषध यांचे नाते समजले असे खुशाल मानावे. असा विद्यार्थी उद्या घरातील आजीला नागीण झाली तर गेरू शोधत न बसता तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेईल. या विषयाच्या अध्यापनाकडून एवढे साधले तरी पुष्कळ झाले.